माळ्यावरचे पेपर, गोल्फ मैदानावरचा बिबट्या आणि रुसलेले मामा

बेळगावच्या शहापूरहून एका ताईचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, ओळख लागेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. ताई एका पतसंस्थेत कामाला, घरी नवरा, शाळकरी पोरगा आणि सासरे, ज्यांना ती मामा म्हणते. पावसाळ्याआधी माळा झाडताना मामांनी सुतळीत बांधून ठेवलेले जुन्या पेपरांचे गठ्ठे खाली आले आणि ताईला नादच लागला. दर रविवारी एक जुनी हेडलाईन घ्यायची आणि 'हे खरंच झालं असतं तर पुढं काय' असं रचून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. अष्टग्रहीवर लिहिलं, गणपती दूध प्यायला त्यावर लिहिलं, सगळे पोट धरून हसले. मग दोन भानगडी झाल्या. पहिली अशी की २०२२ च्या बिबट्यावर लिहिलेल्यातलं मधलंच एक वाक्य, 'बिबट्या परत गोल्फ मैदानावर, उद्यापासून शाळांना सुट्टी', तेवढंच कुणीतरी कापून पुढं ढकललं, ते फिरत फिरत खानापूरला पोचलं आणि नवऱ्याच्या मावशीनं बेळगावात शिकणाऱ्या नातवाला शाळेलाच पाठवलं नाही. दुसरी जास्त अवघड. 'सीमाप्रश्न लवकरच सुटणार', म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात ह्याचा निकाल लागणार, अशा अर्थाची जुनी हेडलाईन घेऊन ताईनं लिहिलं की प्रश्न एकदाचा सुटला, आणि मोर्चाचे झेंडे शिवणारे, घोषणा देणारे, दरवर्षी तेच निवेदन टाइप करणारे सगळे बेकार झाले. मामा तरुणपणी त्या मोर्चांना जायचे, हिंडलग्याच्या जेलमध्येही राहून आलेत. त्यांनी ग्रुप सोडला, गठ्ठे उचलून आपल्या खोलीत नेले आणि आता जेवायलाही वेगळ्या वेळेला बसतात. नवरा म्हणतो बंद कर हे सगळं. ताई विचारते: "जुन्या बातमीवर हसण्यात कुणाचं काय जातं? छापलं पेपरवाल्यांनी, विश्वास ठेवला लोकांनी, ढकललं भलत्यानंच, आणि गुन्हेगार मी? खरंच बंद करू का?"

अगं ताई, मी वयानं मोठी आहे म्हणून तुला तूच म्हणते, चालवून घे.

आधी तुझ्या लिखाणाचं बोलूया. तू ते पत्राला जोडलंयस पण त्याबद्दल विचारलं काहीच नाहीस, आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे की.

अष्टग्रहीचं घे. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी असे सातजण मकर राशीत गोळा झाले, आठवा केतू, आणि जग बुडणार म्हणून देशभर धसका, जागोजागी यज्ञ, होम, जप. तू लिहिलंस की कर्जदार सोसायटीत येतो आणि म्हणतो, साहेब, पाच तारखेला जग बुडणार म्हणतात, माझा हप्ता सहा तारखेला घ्या. मॅनेजर म्हणतो, घेतो की, पण जग बुडाल्यास रक्कम मी भरीन असं दोन जामीनदारांच्या सहीनं लिहून द्या. झकास आहे हे! रोज काउंटरवर असली माणसं बघणाऱ्या बाईलाच हे सुचणार. एक गंमत मात्र तुझ्या हातून सुटली, पुढच्या भागाला घे. त्याच फेब्रुवारीत १९ तारखेपासून लोकसभेचं मतदान होतं, म्हणजे जगबुडीची चर्चा आणि प्रचारसभा एकाच वेळी चालू. आता तो उमेदवार स्टेजवर काय म्हणाला असेल ते तूच रचायचं, मला एवढंच सुचतंय, 'बंधूंनो, पाच तारखेनंतर आपण राहिलो तर पहिला खानापूर रस्ता डांबरी करतो, आणि नाही राहिलो तर समोरच्या पार्टीनं तरी काय केलं असतं?'

आणि दूध. २१ सप्टेंबर १९९५, सकाळी दिल्लीत सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत लंडनच्या देवळापर्यंत पोचलं, मोबाईल नसताना, नुसत्या लँडलाईनवर! शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा पृष्ठताणाचा खेळ आहे, चमच्याला मूर्ती लागली की दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली वाहतं, ते कुणाला दिसत नाही. पण तू शास्त्राच्या नादाला न लागता थेट कुंद्यावर, आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईवर, आलीस ते मला फार आवडलं. सगळं दूध देवळात, कुंद्याला थेंब नाही, बेळगावचा माणूस पुण्याला पाहुणा जाताना नेणार काय, रिकाम्या हातानं दारात उभा तर ओळखच पटेना, वहिनी आतूनच विचारतात कोण पाहिजे. आणि शेवटी कुंद्याच्या दुकानदारांचं शिष्टमंडळ गणपतीलाच भेटायला जातं, देवा, आठवड्याला एक दिवस तरी उपास धर. वाचताना एकटीच हसत बसले होते मी.

आता ह्या दोन्हींत एक गोष्ट बघ. हसू कुणावर येतंय? त्या हेडलाईनवर. तिनं छातीठोक एक गोष्ट सांगितली, तू 'बरं, खरं' म्हणून मान डोलावलीस आणि तिला सरळ बाजारात, बँकेत, पुण्याच्या दारात पाठवून दिलंस, तिथं गेल्यावर तिचं काय होतं ते आम्ही बघितलं. जप करणारी आजी, चमचा धरून रांगेत उभा राहिलेला माणूस, ह्यांना तू हातही लावला नाहीस. मॅनेजर मॅनेजरसारखा वागतो, वहिनी वहिनीसारखी. कोण वेडं ठरत नाही, म्हणून सगळे हसले, ज्यांनी १९९५ ला स्वतः दूध पाजलं होतं तेसुद्धा हसले असतील बघ. (आमच्या गल्लीत त्या दिवशी अर्धा लिटरसाठी कोण कोण रांगेत होतं ते मला माहीत आहे, नावं नको.)

सीमाप्रश्नाच्या लेखात मात्र तू जागा बदललीस, तुझ्या ध्यानात आलं नसेल. हेडलाईन काय होती? लवकरच सुटणार. मग ज्यानं 'लवकरच' म्हटलं त्याचं पुढं काय झालं हे लिहायला हवं होतं. त्याऐवजी तू झेंडे शिवणाऱ्याकडं गेलीस. आश्वासन देणारा गाडीत बसून निघून गेला, आणि ज्यानं आश्वासनावर आयुष्य काढलं तो तुझ्या तावडीत सापडला. मामा त्यातलेच ना.

आणि इथंच तुझं ते वाक्य येतं, जुन्या बातमीवर हसण्यात कुणाचं काय जातं. जुनी म्हणजे संपलेली असं तू धरून चाललीस. अष्टग्रही संपली, सहा तारखेला सूर्य उगवला आणि विषय मिटला. हॅलेच्या धूमकेतूचं तसंच, १९१० च्या मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार आणि विषारी वायूनं सगळे मरणार अशा बातम्या आल्या, अमेरिकेत लोकांनी धूमकेतूच्या गोळ्या विकत घेऊन खाल्ल्या, १९ तारीख उजाडली आणि संपलं. त्या गोळ्या विकणाऱ्याकडं दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पैसे परत मागायला आलं तर तो म्हणणार, जिवंत आहेस ना, म्हणजे गोळी लागू पडली की! असल्या बातम्यांवर पोटभर लिही.

पण १९५६ च्या १ नोव्हेंबरला, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा, सुरू झालेली गोष्ट तशी संपलेली आहे का? १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल, २००४ ला महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टात दावा, २०१२ ला इथं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकाच्या विधिमंडळाची इमारत, २०१४ ला शहराचं नाव बदलून बेळगावी केलं. ह्यातल्या प्रत्येक तारखेला कुणाच्यातरी घरात जेवण गेलं नसेल आणि कुणाच्यातरी घरात पेढे वाटले असतील, आणि बेळगाव असल्यामुळं ती दोन्ही घरं एकमेकांना लागून, एकाच नळाचं पाणी भरणारी. तुझ्या ग्रुपवर कन्नड घरातनं आलेली जाऊ आहे असं तू लिहिलंयस, ती काय म्हणाली ते लिहिलं नाहीस. तिला पण विचार कधीतरी. म्हणजे पेपर पिवळा पडला तरी बातमी अजून चालूच आहे, हे तू गठ्ठ्याच्या तारखेवरून नाही ओळखणार, आजूबाजूला बघूनच ओळखावं लागतं. 'ह्या बातमीमुळं आजही कुणी वाट बघत बसलंय का' एवढं स्वतःला विचारलं तरी बहुतेक वेळा कळतं.

ह्याचा अर्थ त्या विषयावर हसायचंच नाही असं मी म्हणत नाही हं. उलट इतकी वर्षं मोर्चात चाललेल्या माणसांइतके त्यावरचे विनोद कुणाकडं नसतील, ते फक्त ग्रुपवर टाकत नाहीत. आणि बाहेरनं बघितलं तरी हसायची जागा आहेच की. एवढा मोठा सुवर्ण विधानसौध बांधला, ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उद्घाटन केलं, वर्षातनं हिवाळी अधिवेशनाचे थोडे दिवस सोडले तर एरवी सामसूम. २०२२ मध्ये तिथं समोर शेवया वाळत घातल्याचे फोटो सगळीकडं फिरले होते, आठवतंय? आता उद्घाटनाच्या दिवशी कुणी 'सौधाचा पुढं काय उपयोग होईल' म्हणून कल्पना लढवली असती तर शेवया सुचल्या असत्या का? पण तिथंही लिहिताना बघ, वाळत घालणाऱ्या गरीब बाईवर हसलीस तर तो लेख गेला, त्या फोटोंमुळं तिच्या नोकरीवर बेतलं होतं. ती तर शहाणी, ऊन चांगलं आणि जागा मोकळी बघितली तिनं. एवढी मोकळी जागा जिनं ठेवली त्या व्यवस्थेवर लिही.

तुझं दुसरं गृहीतक, पेपरवाल्यांनी काय वाट्टेल ते छापलं आणि लोकांनी गिळलं. थोडं थांब. अमेरिकेतल्या 'शिकागो ट्रिब्यून'चं प्रकरण प्रसिद्ध आहे, नोव्हेंबर १९४८, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूईनं ट्रुमनला हरवलं. जिंकला ट्रुमन. आणि तो तोच पेपर हातात धरून दात काढत उभा आहे असा फोटो आजपण फिरतो. आता हे कसं झालं? खिळे जुळवणाऱ्या कामगारांचा संप चालू होता, पेपर छापायला नेहमीपेक्षा लवकर सोडावा लागत होता, निकाल पुरते आले नव्हते आणि अंदाज सगळे ड्यूईच्या बाजूचे. म्हणजे मूर्खपणा कमी, घाई जास्त. तू शनिवारी रात्री अकराला उद्याची पोस्ट संपवताना काय करतेस ते आठव. ह्यावर लिहायचं तर ड्यूईच्या घरच्या सकाळचं लिही. घरवालीनं पेपर वाचून व्हाइट हाउससाठी पडद्यांचं माप पाठवलं, भाऊबंद नोकरीची चिठ्ठी घेऊन दारात, सत्यनारायणाला भटजी पण सांगितला, आणि अकरा वाजता रेडिओ लागला.

'न्यूयॉर्क टाइम्स'नं तर १९२० मध्ये रॉबर्ट गॉडार्ड नावाच्या शास्त्रज्ञाची टर उडवली होती, अवकाशात हवा नाही तर रॉकेट ढकलणार कशाला, ह्याला शाळेतलं पण शास्त्र येत नाही असं. आणि चूक कधी दुरुस्त केली? १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडं निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. एकोणपन्नास वर्षांनी! गॉडार्ड तोवर जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ह्याच्यावर तुला काही रचायची गरजच नाही, हे नुसतं सांगितलं तरी हसू येतं आणि हसून झाल्यावर थोडं वाईट पण वाटतं.

आणि एकदम जवळचं, २२ मार्च १९७९. जयप्रकाश नारायण गेले असं पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगितलं, सभागृह तहकूब झालं, आणि जेपी मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये जिवंत. ते गेले ऑक्टोबरमध्ये, ८ तारखेला. ह्यावर लिहिणार असशील तर हॉस्पिटलच्या खाटेपाशी जाऊ नको, ज्या पुढाऱ्यानं रडवेलं भाषण खिशातून काढून निम्मं वाचलं होतं त्याच्यापाशी जा. उरलेलं निम्मं त्यानं फाडून टाकलं की इस्त्री करून ठेवलं? तिथं हसायला पाहिजे तेवढं आहे.

आता बिबट्या. ह्यात तुझी बाजू मला जास्त कळते, पण सगळी नाही पटत.

ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात बिबट्या दिसला, एका कामगाराला जखमी केलं, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला म्हणून आसपासच्या शाळा किती दिवस बंद, वनखात्याचे पिंजरे, कॅमेरे, शेवटी शिवमोग्याच्या सक्रेबैल कॅम्पातनं हत्ती आणले. आणि बिबट्या? सापडलाच नाही. तू लिहिलंस की तो गेलाच नव्हता, त्यानं क्लबची मेंबरशिप घेतली, मग पत्त्याचा पुरावा पाहिजे म्हणून रेशन कार्डाला अर्ज केला, ऑफिसात विचारलं मातृभाषा कोणती, त्यानं नुसती गुरगुर केली, क्लार्कनं लिहिलं 'इतर'. हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं लिखाण आहे. (सीमाभागातला विनोद सीमाभागातल्या कुणालाच न दुखावता, ही तुलाच जमलेली गोष्ट आहे, मामांच्या लेखाआधीच जमली होती.) पण त्याच लेखात मध्येच ते सुट्टीचं वाक्य. ते एकटं काढून वाच. त्यात विनोद कुठं आहे? ती सरळ बातमी आहे, आणि अशी बातमी खरी पण आली होती, लोकांनी खरंच मुलं घरी ठेवली होती. मावशीनं नातवाला थांबवलं त्यात मावशीचं काय चुकलं सांग. उलट बरोबर केलं तिनं, बिबट्या म्हटल्यावर कोण चौकशी करत बसणार?

हे तुझ्या आधी फार मोठ्या प्रमाणावर झालंय. १८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' नावाच्या पेपरनं लेखमालाच छापली की जॉन हर्शेल ह्या शास्त्रज्ञानं मोठ्या दुर्बिणीतनं चंद्रावर जीव बघितले, पंखवाली वटवाघळासारखी माणसं, झाडं, प्राणी. लिहिणारा रिचर्ड ॲडम्स लॉक, आणि त्याचा हेतू त्या काळच्या भोळसट खगोल लेखकांची टिंगल करायचा होता असं नंतर सांगितलं गेलं. पण लोकांनी खरं मानलं, दुसऱ्या पेपरांनी उचलून छापलं, म्हणजे फॉरवर्डच केलं की. आणि हर्शेल खरंच त्या वेळी आफ्रिकेत दक्षिण टोकाला दुर्बीण लावून बसलेला, त्याला आधी गंमत वाटली, मग लोक तेच तेच विचारायला लागल्यावर वैतागला. लॉकची गोची तुझ्यासारखीच. खरा माणूस, खरी जागा, बातमीची भाषा, आणि मध्ये खोटं. हे चारही एकत्र आलं की वाचणाऱ्याला थट्टा ओळखायला काही खूण उरत नाही.

तर थट्टा बंद करू नको, खुणा घाल. तारीख नुसती वर टाकू नको, प्रत्येक दोन चार ओळींत परत येऊ दे, '२०२२ चा बिबट्या', 'त्या वर्षीचा आपला बिबट्या' असं. वेडेपणा पहिल्याच वाक्यात आण, रेशन कार्ड शेवटाला ठेवलंस तर वरचं कापून नेणाऱ्याला बरं. 'उद्यापासून', 'आत्ताच कळलं', 'सर्वांना कळवा' असले शब्द थट्टेत घालायचेच नाहीत, कारण ते वाचलं की आपलं बोट आपोआप फॉरवर्डवर जातं. जुन्या कात्रणाचा फोटो आणि खाली तुझी ओळ असं एकत्र टाकू नको, छापील अक्षर बघितलं की माणूस तारीख वाचत नाही. आणि काही विषय सोडूनच दे: शाळेची सुट्टी, पिण्याचं पाणी, गॅस, पोरं पळवणारी टोळी, आणि तू जिथं काम करतेस म्हणून तुला मुद्दाम सांगते, ठेवी आणि पतसंस्था. 'सोसायटी बुडाली तर' ह्यावर कितीपण चांगलं सुचलं तरी वहीत लिही आणि वही कपाटात ठेव. सोमवारी सकाळी दारात रांग लागली तर ती काही थट्टा समजून घ्यायला आलेली नसणार. २०१६ च्या नोटाबंदीत दोन हजारच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सिग्नल येतो, हे थट्टेनं सुरू झालं की कसं देव जाणे, पण टीव्हीवर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं गेलं. त्यावर आता लिहिलंस तर चालेल, ती नोटच आता चलनातनं जवळपास गेलीय. दोन हजारची नोट शोधायला परसात १२१ मीटर खड्डा काढणारा माणूस मला आत्ताच दिसायला लागलाय.

ज्यांना असाच नाद आहे त्या बाकीच्या वाचकांना पण हे सांगते: रचण्याआधी खरंच पुढं काय झालं ते एकदा शोधा, बऱ्याचदा तेच जास्त मजेचं निघतं. स्कायलॅब घ्या, अमेरिकेची ती अवकाशातली प्रयोगशाळा. जुलै १९७९, आमच्या लहानपणी सगळे आकाशाकडं बघत होते, कुणाच्या डोक्यावर पडणार म्हणून. पडलं हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला एस्परन्स गावाच्या भागात. तिथल्या नगरपालिकेनं काय करावं? नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड! आता हे बेळगावच्या कुठल्याही गल्लीत पडलं असतं तर दंडाआधी भंगारवाला पोचला असता आणि किलोचा भाव ठरला असता, एवढंच आपण त्यात घालायचं.

आता मामांचं.

तू पत्रात लिहिलंस 'मामा चिडलेत'. ते तुला म्हणाले का तसं? पत्र मी परत वाचलं, तसं कुठंच नाही. त्यांनी ग्रुप सोडला, गठ्ठे नेले, जेवायची वेळ बदलली, एवढंच तू बघितलंस, बाकी तू आणि नवऱ्यानं लावलेला अर्थ. तोही खरा असेल. पण दुसरं पण असू शकतं. ज्या माणसानं इतक्या वर्षांतले पेपर रद्दीत न घालता सुतळीनं बांधून ठेवले, त्यानं ते उगाच नाही ठेवले, आणि ते माळ्यावरनं खाली आल्यावर त्याला कुणी विचारलंच नाही की मामा, हाच अंक का ठेवलात? तू सरळ हेडलाईन घेतलीस आणि पोस्ट टाकलीस. कात्रण कापलंस का गं कात्रीनं? पत्रात स्पष्ट नाही, पण कापलं असशील तर तुझ्या थट्टेआधी तीच गोष्ट त्यांना लागली असेल असं मला वाटतं.

माफी ग्रुपवर मागू नको. ते ग्रुपवर नाहीतच, आणि तिथं मागितली की पंचवीस जणांचे हात जोडलेले इमोजी येतील आणि विषय मामांच्या अपरोक्ष मिटल्यासारखा होईल. दुपारी चहा घेऊन खोलीत जा, नवऱ्याला बरोबर नेऊ नको, तो मधे मधे बोलेल. 'मामा, तो झेंडे शिवणाऱ्यांवर लिहिलं ते मला लिहायला नको होतं' एवढं एक वाक्य, पुढं 'पण' जोडायचा नाही. मग विचार की ती बातमी आली त्या दिवशी तुम्ही कुठं होता, आणि दुसऱ्या दिवशी काय झालं. नाही बोलले तर चहाचा कप घेऊन बाहेर ये, दोन दिवसांनी परत जा. बोलले तर मधे लिहून घेऊ नको, मोबाईल बाहेर ठेवून जा.

आणि त्यांच्याकडं तुझ्यासाठी काम आहे हे तुझ्या कसं लक्षात आलं नाही मला कळत नाही. तू लिहितेस 'पुढं काय झालं असतं'. ते सांगू शकतात 'पुढं काय झालं'. तुझ्या प्रत्येक रविवारच्या खाली मामांच्या चार ओळी, खऱ्या, त्या दिवसाच्या. १९९५ ला त्यांच्या गल्लीत काय झालं, स्कायलॅबला कोण घराबाहेर झोपलं नाही, १९६२ ला आजीनं काय केलं. इथल्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनावर तुला लिहायचं आहे म्हणतेस, गांधीजींनी एकदाच अध्यक्षपद घेतलं ते बेळगावलाच, टिळकवाडीतली त्या वेळची काँग्रेस विहीर अजून आहे, त्यावर हसण्यासारखं खूप आहे, कारण बेळगावातल्या निम्म्या घरांत 'आमच्या आजोबांनी गांधीजींना शेळीचं दूध दिलं होतं' असं सांगतात. सगळे खरं बोलत असतील तर गावात त्या डिसेंबरात माणसांपेक्षा शेळ्या जास्त होत्या! मामा तेव्हा जन्मले नसतील, पण त्यांच्या वडिलांनी काय सांगितलं होतं ते त्यांना विचार, त्यांच्या घरची शेळी पण निघेल बघ त्यात.

ते नको म्हणाले तर? म्हणू देत. मग सीमाप्रश्न हा एक विषय त्यांच्यासाठी सोड, तेवढ्यापुरता शब्द त्यांचा. बाकी विषयांना मात्र दर वेळी परवानगी मागत बसू नको, त्यांनाही ते आवडणार नाही, आणि सासऱ्याच्या सहीनं पास झालेला विनोद कसा निघेल ते तुला माहीत आहे.

गठ्ठ्यांचं पण थोडं बघा दोघांनी मिळून. पेपरचा कागद स्वस्त लगद्याचा, हवा आणि ऊन लागलं की पिवळा पडून तुकडे होतात, आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे ओल. सुतळी सोडा, ती कडेला कापते. आडवे, सपाट ठेवा, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आधी प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा, पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असे. पोराला कामाला लाव, मोबाईल त्यालाच नीट धरता येतो, आणि आजोबा शेजारी बसून सांगतील कुठलं पान आधी.

नवरा बंद कर म्हणतो ते मला त्याच्या जागी ठीक वाटतं, दोन्हीकडनं त्यालाच ऐकावं लागतंय. त्याला सांग की बंद करत नाही, दोन रविवार थांबते, तेवढ्यात मामांशी बोलून घेते. आणि त्यालाही एक काम दे. खानापूरच्या मावशीला अजून कुणी सांगितलेलं नाही की बिबट्याचं ते वाक्य आपल्या घरातनं निघालं होतं. मेसेज नको, फोन करायचा, आणि त्यानंच करायचा, मावशी त्याची आहे. नातवाचा बुडलेला दिवस शाळेत काय कारण म्हणून लावला ते पण विचारून घे म्हणावं, नाहीतर त्या मॅडमांनाही कळवावं लागेल.